मीठ चवीनुसार

ताई,

तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही आणि घरात येणारी माणसं तुझ्याबद्दल 'होत्या', 'करायच्या' असं बोलायला सरावलीसुद्धा. पहिल्याच आठवड्यात भावोजींच्या ऑफिसातली जुनी मंडळी भेटायला आली होती. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत, म्हणजे माझ्या नेहमीच्या जागी. त्यांच्यातलं कुणीतरी म्हणालं, "वहिनी म्हणजे सुगरण बाई. मध्यंतरी मात्र त्या मोबाइलवरच्या रेसिप्यांच्या फार नादी लागल्या होत्या, नाही?" भावोजी डोळे पुसत हसले. "हो ना. घरात साधं वरण बंद. आज काय तर थाई करी, उद्या काय तर पनीर लबाबदार. या वयात कसली एकेक हौस!" मग सगळेच हळू आवाजात हसले. दुःखाच्या घरी हसायला मिळालं की माणसांना बरं वाटतं.

मी हसलो नाही. बोललोही नाही. ती हौस नव्हती, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. पण तू मला शपथ घातली होतीस, आणि शपथ नसती तरी गप्प बसणं हे एकच काम मला आयुष्यात नीट जमलेलं आहे. आज ती शपथ सगळ्यांसमोर मोडतोय. हे भावोजी वाचतील, तुझ्या सासूबाई, माई, वाचतील, आपल्या मुलुंडच्या सोसायटीतले लोकही वाचतील. वाचू देत.

तुझ्या त्या तापापासून सांगायला हवं. ताप तसा साधाच आला आणि उतरला. त्यानंतर एका संध्याकाळी मी डबा परत द्यायला दोन मजले चढून वर आलो. (लग्न न केलेल्या भावाला बहिणीच्या घरचा डबा, ही व्यवस्था इतकी जुनी होती की ती उपकारात मोडते हे मी विसरलो होतो.) दार उघडंच होतं आणि करपल्याचा वास जिन्यापर्यंत आलेला. आत गॅसवर दुधाचं पातेलं. दूध आटून तळ काळा पडलेला. आणि तू त्या पातेल्याला पाठ करून, मजेत भेंडी चिरत होतीस.

"ताई, दूध!"

"दुधाचं काय?"

"करपलं की! वास येत नाही का तुला?"

तू सुरी खाली ठेवलीस, गॅस बंद केलास. मग स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलंस आणि म्हणालीस, "नाही येत."

"सर्दी झालीय?"

"सर्दी नाही रे. त्या तापापासून काहीच येत नाही. वास नाही, चव नाही. लिंबाचं लोणचं खाल्लं तरी ओला कागद चावल्यासारखं वाटतं. डॉक्टरांकडे जाऊन आले गुपचूप. म्हणाले, येईलही परत, वाट बघा. किती, ते त्यांनाही माहीत नाही."

"भावोजींना सांगितलंस?"

"वेडा आहेस का? त्यांना सांगितलं की ते माईंना सांगणार. सासूबाई दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाला बाई ठेवणार. 'तू आराम कर हो,' म्हणणार. मग मी या घरात करू काय? दारात रांगोळी काढत बसू? तुला सांगतेय कारण तू बोलत नाहीस. आईची शपथ आहे तुला."

पातेलं घासताना तुझ्या हाताला चटके बसत होते, तरी तू ते थंड होऊ दिलं नाहीस. मला वाटतं, निदान भाजलेलं तरी कळतंय, असं काहीतरी तुझ्या मनात असावं. मी विचारलं नाही.

तू किती हुशार होतीस, हे त्यानंतर मला कळलं. अळू, वालाचं बिरडं, सोलकढी, तुझे ते सगळे हातखंडा पदार्थ तू एका झटक्यात बंद केलेस. कारण त्यांची चव घरातल्या प्रत्येकाच्या जिभेला पाठ होती. जरा बिघडलं असतं तरी पकडली गेली असतीस. त्याऐवजी तू मोबाइलवर असे पदार्थ शोधायला लागलीस, जे या घरात आजवर कुणी खाल्लेले नव्हते. "थाई करी कशी लागायला हवी, हे माईंना काय माहीत?" तू म्हणाली होतीस. "जशी होईल तशीच असते म्हणून सांगता येतं." माई टोमणे मारायच्या, "आमच्या घरात हल्ली वालाला बंदी आहे." भावोजी सोसायटीच्या गच्चीत बढाया मारायचे. लेक, मुक्ता, पुण्याहून आली की म्हणायची, "आई कूल झालीय हं मामा!" आणि तू मुलाखत दिल्यासारखी म्हणायचीस, "माणसाने नवीन शिकत राहावं."

टॅब्लेट तूरडाळीच्या डब्याला टेकवून तू व्हिडिओ लावायचीस. 'नमस्कार मैत्रिणींनो' म्हणणाऱ्या त्या बायकांशी तुझं भांडण अजून माझ्या कानात आहे.

"पाव चमचा मोहरी, चिमूटभर हिंग, अर्धा इंच आलं. इंच! पट्टीने आलं मोजतेय बया. आणि आता बघ हां, बघ काय म्हणते... 'मीठ चवीनुसार!' अगं भवाने, कुणाच्या चवीनुसार? माझी असती तर तुझ्या दारात कशाला आले असते?"

मी हसलो होतो. तूही हसलीस आणि मग हसता हसता ओट्याला टेकून खाली बसलीस.

तेव्हापासून मी तुझी जीभ झालो. तुझा मिस कॉल आला की समजायचं, वर ये, चव बघायची आहे. मी ऑफिसातून आलेला, पायातले मोजे तसेच. तू पळीतून थेंबभर रस्सा माझ्या तळहातावर सोडायचीस, फुंकर मारायचीस, आणि मग जी माझ्याकडे बघायचीस ना, तसं परीक्षेच्या निकालाकडेसुद्धा कुणी बघत नसेल.

"बरं आहे," मी सुरुवातीला म्हणायचो.

"बरं म्हणजे काय? माणूस आजारी आहे का, बरं असायला? नीट सांग. लगेच गिळू नकोस. जिभेच्या कडेला धर. मीठ तिथे कळतं. आंबट गालात कळतं. तिखट सगळ्यात शेवटी येतं, घशात, त्याची वाट बघ."

पन्नाशीला आलेला मी, जन्मभर पेपरात डोकं घालून जेवलेला. तू मला जेवायला शिकवलंस, ताई. ज्या बाईला स्वतःला काही लागत नव्हतं, तिने. हळूहळू मला सांगता यायला लागलं. मीठ किंचित हवंय. आंबट पुढे पुढे करतंय. गूळ घाल, पण दिसू देऊ नकोस. तू खूश व्हायचीस. "बघ, आई म्हणायची याच्या तोंडात जीभच नाही. आहे की!" करीमध्ये अननस घालायचा की नाही, यावर तर आपण खरेच भांडलो. मी म्हणालो, फळ आहे ते, फळासारखं राहू दे. तू म्हणालीस, तुझ्यासारखंच बोललास, जिथल्या तिथे राहणारा माणूस. तो वाद तसाच राहिला. खरं सांगू? अननस चांगला लागायचा. मीच मुद्दाम हार मानत नव्हतो.

एकदा प्रमाण जमलं की तू त्या व्हिडिओखाली लिहायचीस. चष्मा नाकावर, एकेक अक्षर शोधत. 'एवढ्या रश्श्याला मीठ दीड लहान चमचा. चाखून पाहिले आहे.' मग मला विचारायचीस, "कुणी चाखलं ते लिहू का?" मी म्हणायचो, नको. "बरं. पण लिहायला हवं कुणीतरी. माझ्यासारखी आणखी कुणी बसली असेल एखाद्या स्वयंपाकघरात." कुठल्या कुठल्या गावच्या बायका खाली तुझे आभार मानायच्या. तू ते आभार मला वाचून दाखवायचीस, जणू त्यातले अर्धे माझे.

आणि मग गणपती आले.

दीड दिवसाचा गणपती, पण तुमच्याकडे पहिल्या दिवशी जेवायला घर भरतं. आणि नैवेद्याच्या ताटात थाई करी चालत नाही. अळूचं फदफदं हवं, बिरडं हवं, मोदक हवेत. सगळ्यांच्या जिभेला पाठ असलेले तेच पदार्थ. आणि नैवेद्य तर चाखत नाहीत. देवाला दाखवायच्या आधी त्यातला कण तोंडात गेला तर ते उष्टं. तू आणि त्याआधी आई, जन्मभर न चाखता एवढा स्वयंपाक करत आलात. मी तुला लहानपणी विचारलं होतं, कसं कळतं तुम्हाला? तू म्हणालीस, वासावरून. मी म्हणालो, मिठाला कुठे वास असतो? "मिठाला नसतो रे. मीठ पडलेल्या भाजीला असतो." ते मला तेव्हाही पटलं नव्हतं.

आदल्या आठवड्यात तू अळवाची रंगीत तालीम केलीस. थोडकी भाजी करून, मला चाखायला लावून, मिठाचं प्रमाण बसवलंस. पण त्या दिवशी माणसं वाढली, अळूच्या जुड्या वाढल्या, आणि सकाळच्या घाईत तू दुसरा व्हिडिओ लावलास, मोठ्या पंगतीचा. त्यातल्या बाईने अळू, चणाडाळ, शेंगदाणे कुकरमध्ये घालतानाच मीठ घालायला सांगितलं होतं. तू घातलंस. मग चिंचगूळ लावून भाजी उकळायला लागली तेव्हा आपलं ठरलेलं प्रमाण आठवलं, तेही घातलंस. एकदा तिचं, एकदा आपलं. चव असलेल्या बाईच्या हातून हे झालंच नसतं. हे सगळं तू मला नंतर सांगितलंस. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं.

मिस कॉल आला. मी वर आलो. हॉलमध्ये आरतीची तयारी, माई पाटावर वाती वळत बसलेल्या. तू मला हाताला धरून आत नेलंस, दार लोटलंस आणि वाटीत चमचाभर भाजी काढून माझ्या हातात दिलीस.

"चाख."

"ताई, नैवेद्य आहे हा."

"मला माहीत आहे काय आहे ते. बाप्पाला मी सांगेन. माझं मी बघेन. तू चाख पटकन, माई येतील."

आणि तू पाठ फिरवलीस. भिंतीकडे तोंड करून, पदर घट्ट आवळून उभी राहिलीस. तुझ्याच्याने ते बघवणार नव्हतं. तुझा नेम तू मोडत होतीस आणि मोडताना डोळे मिटून घेत होतीस.

ताई, आता सांगतो. मी चाखलं नाही.

वाटी तोंडापर्यंत नेली. मी तर पूजाअर्चा कधीच सोडलेला माणूस. तुमच्या सोवळ्याओवळ्याची चेष्टा मीच सर्वांत जास्त केलेली. पण त्या क्षणी आई आठवली. लहानपणी मी नैवेद्याच्या आधी एक मोदक चोरून खाल्ला होता, तुला माहीत आहे. आईने मारलं नाही, रागावली नाही. तिने सगळे मोदक बाजूला काढले आणि परत उकड काढायला घेतली. तिची ती पाठ माझ्या डोळ्यांसमोर आली. आणि समोर तुझी पाठ होती. माझा हात वळेना. मी वाटी सिंकमध्ये उलटी केली, नळ सोडला. भाजीचा वास तर फार सुरेख येत होता. मला वाटलं, आठवडाभर ठरवून केलंय, चुकेल कसं?

"काय रे?" तू भिंतीकडे बघतच विचारलंस.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

'मला जमत नाहीये' एवढं म्हणता आलं असतं. पण ज्या गोष्टीची जन्मभर टिंगल केली, तिलाच ऐन वेळी घाबरलो, हे तुझ्यापुढे कबूल करायची मला लाज वाटली. बस, एवढीच गोष्ट. त्या लाजेपायी मी तुला पंगतीच्या तोंडी दिलं.

पानं वाढली. पहिला घास माईंनी घेतला आणि त्या थांबल्या. मग सगळ्यांचेच हात अळूवरून वरणाकडे वळले. कुणी काही बोललं नाही, म्हणून भावोजींचे ते चुलतभाऊ बोलले, त्यांना शांतता सोसत नाही. "वहिनी, मुलुंडची मिठागरं आपल्या बिल्डिंगपर्यंत आली की काय?"

पंगत हसली. माई म्हणाल्या, "मोबाइलवर बघून नैवेद्य केला की असंच व्हायचं गो."

तू वाढता वाढता उभी राहिलीस. पळीत भाजी तशीच. तुला तर चाखूनही कळणार नव्हतं, म्हणून तू एकेकाचं पान बघत गेलीस. प्रत्येक पानात अळू तसंच. मग माझ्याकडे बघितलंस. मी मान खाली घालून माझ्या पानातलं अळू खात होतो. सगळं खाल्लं. दोनदा मागून घेतलं. तुला वाटलं असेल, मी तुझी बाजू घेतोय.

"माझंच चुकलं," तू म्हणालीस. "मीठ दोनदा पडलं वाटतं."

विसर्जनानंतर तू खाली माझ्या घरी आलीस. तू माझ्याकडे फारशी यायची नाहीस, मीच वर यायचो. खुर्चीत बसलीस. "तुला खारट लागलं नव्हतं का रे?"

तेव्हा सांगायचं होतं. दार बंद होतं, घरात आपण दोघंच होतो, तू सरळ विचारत होतीस. माणसाला यापेक्षा सोपी संधी मिळत नाही. आणि मी म्हणालो, "मला तर बरोबर वाटलं होतं."

तू मान हलवलीस. माझ्या बंद टीव्हीकडे बघितलंस. मग म्हणालीस, "म्हणजे करीसुद्धा तुला बरोबरच वाटली असणार. पनीरही. सगळंच."

"तसं नाही, ताई."

"कसं मग?"

मी गप्प बसलो. तुला माझ्या गप्प बसण्याचा भरवसा होता. त्याच गप्प बसण्याने मी तुझी इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात घातली. उठता उठता म्हणालीस, "बाप्पाला फसवायला गेले, त्याने मला फसवलं. फिटंफाट झाली. उष्ट्याचं ताट दाखवलं मी त्याला, आणखी काय होणार होतं?"

दुसऱ्या दिवशी मी डबा घ्यायला वर आलो तेव्हा तू टॅब्लेट घेऊन बसली होतीस. एकेक व्हिडिओ शोधून, खाली तू लिहिलेलं पुसत होतीस. मिठाची सगळी प्रमाणं. मी म्हणालो, कशाला? "चुकीचं माप लोकांना कशाला सांगू? कुणाच्या घरी पंगत असेल." तू अगदी शांत होतीस. मी डबा घेतला आणि जिना उतरलो. हातात डबा होता, ताई. डबा घेतला मी!

मिस कॉल बंद झाले. थोड्याच दिवसांत तू म्हणायला लागलीस, हात दुखतात, उभं राहवत नाही. स्वयंपाकाला बाई आली. माईंनी 'आराम कर हो' म्हटलंच. पुढच्या गणपतीत मोदक बाहेरून आले आणि अळू केलंच नाही. तू हॉलमध्ये पाहुण्यांत बसून राहिलीस, हात मांडीवर ठेवून. तुझे हात असे रिकामे मी कधी पाहिले नव्हते. मी रोज ठरवायचो, आज सांगू. लिफ्ट असून जिन्याने चढायचो, तेवढाच शब्द जुळवायला वेळ मिळावा म्हणून. वर आलो की तू विचारायचीस, "चहा घेणार?" आणि मी म्हणायचो, "चालेल." चहा बाई करायची.

मग ती दुपार. तू जेवून पडलीस आणि उठली नाहीस. भावोजींनी मला हाक मारली तेव्हा मी जिना धावत चढलो आणि पहिला विचार माझ्या मनात काय आला असेल? मी नाही सांगितलं. तू गेलीस हे पुरतं कळायच्याही आधी मला हे कळलं.

एक वाक्य होतं, ताई. 'मी चाखलंच नव्हतं.' एवढं म्हटलं असतं तर तुला दोन गोष्टी परत मिळाल्या असत्या. एक म्हणजे तुझा नैवेद्य उष्टा नव्हता. खारट होता, पण शुद्ध होता. तुझा नेम मोडला नाही, कारण मला तो मोडता आला नाही. तू देवाला फसवलं नाहीस. फसवलं मी, आणि तेही तुला. आणि दुसरं म्हणजे, त्याआधी मी तुला जे जे सांगितलं ते सगळं खरं होतं. प्रत्येक थेंब चाखला होता. जिभेच्या कडेला धरून, तिखटाची वाट बघून. करी सुरेख व्हायची. ते पनीर सोसायटीतल्या कुणाला जमलं नसतं. वास न येणाऱ्या बाईने, दुसऱ्याच्या जिभेवर, नुसत्या मापांवर तो स्वयंपाक उभा केला होता आणि तो खरोखर चांगला होता. मी कधीच तुझं मन राखायला बोललो नाही. फक्त त्या अळवाबद्दल खोटं बोललो आणि नेमकं तेच तू खरं धरून बाकीच्या खऱ्यावर काट मारलीस.

तेराव्याला जेवण बाहेरून सांगितलं होतं. मी मुक्ताला म्हणालो, अळू मी करतो. ती बघतच राहिली. "मामा, तू? तुला चहापलीकडे काय येतं?"

"बघून करेन."

सकाळी तुझ्या ओट्याशी उभा राहिलो. टॅब्लेट तूरडाळीच्या डब्याला टेकवला. पंगतीचा नाही, तालमीच्या वेळी लावला होता तोच व्हिडिओ शोधला. खाली बायकांचे आभार अजून आहेत, 'ताई, मिठाचं प्रमाण एकदम परफेक्ट,' असे. त्यांच्या वर तू लिहिलेलं मात्र नाही, त्यामुळे त्या कुणाशी बोलतायत ते आता कुणालाच कळणार नाही. आपलं ठरलेलं माप मला आठवत नव्हतं. त्या मापांची आठवण तू ठेवायचीस, मी नुसता चाखायचो.

अळू धुतलं, देठं सोलली. हाताला खाज सुटली. चिंच लावायची असते हे आठवायला वेळ लागला. मुक्ता दाराशी येऊन उभी होती. तिला सांगितलं सगळं. दूध करपलं तिथपासून. ती खाली बसली, ओट्याला टेकून, तू कधी कधी बसायचीस तशी. मग म्हणाली, "म्हणजे ती करी... मला वाटायचं तिला आवडते म्हणून करते."

"तिला काहीच लागत नव्हतं."

"मी पुण्याला मैत्रिणींसाठी केली होती मामा, तिला फोनवर विचारून विचारून. तिच्यासारखी नाही झाली. सगळ्या म्हणाल्या, चांगली आहे, पण मला माहीत होतं ना." नाक पुसून ती म्हणाली, "तिची भारी व्हायची रे."

ऐकलंस, ताई? मी नाही म्हणत. तुझी लेक म्हणतेय.

भाजीला उकळी आली. टॅब्लेटमधली बाई हसून म्हणाली, 'आणि मीठ चवीनुसार.' मी अंदाजाने घातलं. बाहेर गुरुजी पाट मांडत होते, तुझं पान आधी वाढायचं होतं. मी वाटीत चमचाभर भाजी काढली.

मुक्ता दचकून उठली. "मामा, चाखायचं नसतं! आईचं पान आहे."

"माहीत आहे," मी म्हणालो.

तिने तोंड फिरवलं नाही. बघत राहिली. मी वाटी तोंडाला लावली. लगेच गिळलं नाही. जिभेच्या कडेला धरलं. आंबट गालात आलं, गूळ मागून आला, तिखट घशाशी यायची वाट बघितली.

ताई, मीठ कमी आहे. किंचितच, पण कमी आहे.

चिमूटभर घातलं. ढवळलं. पुन्हा चाखलं.

आता बरोबर आहे.